न्याय रजेवर गेला आहे!

दिवाळीच्या अंकात तुरुंगाचा विषय काढावा, हे पुष्कळांना रुचणार नाही याची मला पुरती जाणीव आहे. फराळाचे ताट पुढे आलेले, अंगणातली रांगोळी ताजी, मुले फटाक्यांसाठी हटून बसलेली. अशा वेळी खुनी माणसांच्या गोष्टी कोणाला ऐकाव्याशा वाटतील? पण वाचकहो, हा विषय मी दिवाळीत आणलेला नाही. दिवाळीनेच तो माझ्या दारात आणून टाकला आहे.

आमच्या गावी शेजारच्या घरात एक बाई राहतात. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो. बांधाच्या तंट्यावरून त्यांच्या यजमानांचा खून झाला. ज्याने तो केला त्याचा तो पहिला पराक्रम नव्हता. त्यापूर्वी त्याने एका गड्याचा हात मोडला होता. ते प्रकरण चार वडीलधाऱ्यांनी पारावर बसून मिटवले. पुढे एकाच्या पोटाला सुरी लावली. त्यात थोडीशी शिक्षा झाली आणि ती भोगून तो मिशांना पीळ देत परत आला. तिसऱ्या खेपेस कुऱ्हाड उचलली आणि वहिनींच्या कपाळाचे कुंकू गेले. जन्मठेप झाली. गावाने सुस्कारा टाकला आणि वहिनी दोन लेकरांना घेऊन शेतात राबू लागल्या.

काही वर्षांनी वसुबारसेच्या दिवशी वहिनी बाजाराला गेल्या. पणत्या घेतल्या, वाण्याच्या दुकानाशी आल्या आणि जागच्या जागी थिजल्या. दुकानाच्या फळीशी तोच माणूस उभा होता. अंगावर नवा सदरा, कडेवर लहानगा पोर, आणि हातात त्याच्यासाठी घेतलेल्या फुलबाज्या. तो संचित रजेवर दिवाळीसाठी घरी आला होता. कायद्याने, रीतसर, कागदावर शिक्के मारून आला होता. वहिनी घरी परतल्या, त्यांनी आतून कडी लावली, आणि त्या दिवाळीत त्या घराच्या उंबऱ्यावर पणती लागली नाही. भाऊबीजेला मी गेलो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तो येणार हे कुणाला तरी ठाऊक असेलच ना? मग मला कुणी का सांगितलं नाही?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. म्हणूनच हा लेख.

गावात त्या वेळी काय झाले हे सांगावयास नकोच. पारावर, सलूनमध्ये, एस. टी.च्या थांब्यावर एकच सूर: "असल्यांना पोसायचे कशाला? एकदाची गोळी घाला!" शहरातल्या सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात हाच सूर जरा इस्त्री करून निघतो, एवढाच फरक. या संतापाला कोणी अडाणी म्हणेल तर मी ते ऐकून घेणार नाही. संताप खरा आहे आणि त्याला कारणेही खरी आहेत. ती एकदा नीट पाहू.

डॉक्टरीची पदवी घेतलेल्या एका गृहस्थाला अनेक टॅक्सीचालकांच्या खुनांबद्दल जन्मठेप झाली होती. जानेवारी २०२० मध्ये जयपूरच्या तुरुंगातून त्याला वीस दिवसांचा पॅरोल मिळाला. वीस दिवस संपले, हा परतला नाही. जुलैमध्ये दिल्लीत सापडला. येथवर समजू शकते. माणसाची पारख चुकते. पण पुढे ऐका. २०२३ मध्ये याच माणसाला तिहारमधून पुन्हा पॅरोल मिळाला! तो पुन्हा पळाला आणि मे २०२५ मध्ये राजस्थानात दौशाच्या एका आश्रमात पुजारी होऊन बसलेला सापडला. एकदा उधारी बुडवणाऱ्याला आमचा वाणी दुसऱ्यांदा काडेपेटीसुद्धा उधार देत नाही. सरकारची वही मात्र दर वेळी कोरी!

आमच्या महाराष्ट्राने तरी काय वेगळे केले? मुंबईत वडाळ्याला २०१२ मध्ये एका तरुण वकील मुलीचा तिच्या राहत्या घरी खून झाला. खून करणारा त्याच इमारतीचा रखवालदार. २०१४ मध्ये त्याला जन्मठेप झाली आणि २०१६ मध्ये तो नाशिकच्या तुरुंगातून पॅरोलवर जो गेला तो गेलाच. पुढल्या वर्षी, २०१७ मध्ये, काश्मिरात हाती लागला. मधल्या काळात सरकारने रजेचे नियम कडक केले. चोर निसटल्यावर कडी बसवण्याची आमची ही जुनी रीत आहे.

आणि मोठ्यांची गोष्ट तर बोलूच नये. दोन शिष्यांवरील बलात्काराबद्दल गुरमीत राम रहीम याला ऑगस्ट २०१७ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. २०२२ ते २०२५ या चार वर्षांत तो कधी पॅरोलवर, कधी फर्लोवर असा दहाहून अधिक वेळा बाहेर आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये बाहेर, तेव्हा पंजाबात निवडणूक. ऑक्टोबर २०२४ मध्ये बाहेर, तेव्हा हरियाणात निवडणूक. जानेवारी २०२५ मध्ये बाहेर, तेव्हा दिल्लीची निवडणूक तोंडावर. हा योगायोग असेल तर पंचांगकर्त्यांनी या बाबाची रजा एक नवा योग म्हणून छापावयास हरकत नाही! त्याच वेळी या देशाच्या तुरुंगांची स्थिती काय होती? २०२२ च्या अखेरीस आत असलेल्या ५,७३,२२० माणसांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते; म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाही असे. गुन्हा शाबीत झालेला बाबा बाहेर सत्संग करतो आणि ज्याचा खटला उभाच राहिला नाही असा मजूर आत दिवाळ्या मोजतो. याला न्याय म्हणावयाचे असेल तर अन्यायासाठी दुसरा शब्द शोधावा लागेल.

अशा वेळी लोक चिडणार नाहीत तर काय करतील? परंतु चिडलेल्या माणसाचे बोट नेहमी खऱ्या अपराध्याकडेच वळते असे नाही. आपल्या संतापाची तीन बोटे तीन भलत्या दिशांना वळली आहेत. ती सरळ केल्याविना गत्यंतर नाही.

पहिले बोट कायद्याकडे. "जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, मग मोकळा!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते कुठल्याशा ताम्रपटावर कोरले असावे असे वाटते. वस्तुतः ते साफ खोटे आहे. गांधीहत्येच्या खटल्यातील गोपाळ गोडसे यांनी सुटीचे दिवस धरून आपली जन्मठेप भरली, सबब सोडावे, अशी मागणी केली, तेव्हा १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निक्षून सांगितले की जन्मठेप म्हणजे उरलेला जन्म. सूट देणे न देणे हा सरकारचा अधिकार आहे, कैद्याचा हक्क नव्हे. चौदा वर्षांचा आकडा आला १९७८ मध्ये आणि तो उलट्या अर्थाने आला. ज्या गुन्ह्यास फाशीही होऊ शकली असती त्यात जन्मठेप झालेल्याला चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्याविना सोडता येणार नाही, असे ते कलम आहे. चौदा वर्षांपूर्वी सोडू नका, असे कायदा म्हणतो. चौदा झाली की सोडाच, असे तो कोठेही म्हणत नाही. आम्ही मात्र उंबऱ्यालाच दिंडी दरवाजा समजून बसलो.

पुढे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक वाट काढली: फाशी नको पण चौदा वर्षेही अपुरी, अशा गुन्ह्यात सरकारच्या सुटीपलीकडची, ठराविक वर्षांची वा मरेपर्यंतची कैद न्यायालय सांगू शकते. २०१५ मध्ये घटनापीठाने ती वाट कायम केली. मुंबईच्या शक्ती मिलच्या पडक्या आवारात २०१३ च्या जुलै आणि ऑगस्टमध्ये दोन तरुणींवर सामुदायिक बलात्कार झाले. दोन्हींत हात असलेल्या तिघांना, पुन्हा पुन्हा तोच गुन्हा करणाऱ्यांसाठी त्याच वर्षी केलेल्या नव्या कलमाखाली, २०१४ मध्ये फाशी सांगितली गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बदलून मरेपर्यंतची कैद दिली आणि वर सांगितले: यांना पॅरोल नाही, फर्लो नाही. मृत्यूने पश्चात्तापच संपतो. यांनी तो जन्मभर करावा, असा त्या निकालाचा आशय आहे. तात्पर्य, कायद्याच्या पेटीत हत्यारे आहेत. पेटी उघडणारा हात कोणाचा आणि तो कधी उघडतो, हा खरा प्रश्न आहे.

दुसरे बोट फासाच्या दोराकडे. "फाशी द्या, म्हणजे सुटणे नाही आणि पळणे नाही!" बोलावयास हे सोपे आहे. कोल्हापूरच्या त्या दोघी बहिणी आठवा. लहान मुले पळवून त्यांना चोऱ्यांसाठी वापरणाऱ्या आणि नकोशी झाली की मारून टाकणाऱ्या. ज्या आयांनी त्या काळी आपल्या लेकरांचे मनगट गर्दीत घट्ट धरले त्यांना ती नावे सांगावी लागत नाहीत. २००१ मध्ये त्यांना फाशी सांगितली गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. आणि जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. का? दयेच्या अर्जाचा निकाल लावण्यात सरकारने साडेसात वर्षांहून अधिक काळ घालवला म्हणून! न्यायाधीश मऊ झाले नव्हते, कायदा मऊ झाला नव्हता. फाइल झोपली होती. ज्या राज्यात फाइल झोपते तेथे फाशीही झोपते. मोठ्या शिक्षेची घोषणा करावयाची आणि ती अमलात आणावयाची वेळ आली की कागद हरवावयाचे, यापेक्षा लहान पण खरी शिक्षा शतपटीने बरी. गुन्हेगाराला भय वाटते ते शिक्षेच्या खात्रीचे. शिक्षा किती लांब हे तो मोजत बसत नाही. आमच्या गावच्या त्या माणसाला पहिल्या मोडलेल्या हाताबद्दल सहा महिने खरोखरीच भोगावे लागले असते, तर कदाचित कुऱ्हाड उचलताना त्याचा हात थबकला असता. त्या पारावर बसून ते प्रकरण मिटवणाऱ्यांत आमच्या घरचेही एक वडीलधारे होते, हे मी येथे लपवीत नाही.

तिसरे बोट पॅरोलकडेच. "ही रजाच बंद करा!" येथे मात्र मला ठामपणे आडवे आले पाहिजे. या महाराष्ट्राच्या मातीत १९३९ मध्ये औंध संस्थानच्या राजाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत उभारली. भिंत नाही, साखळी नाही. खुनाच्या गुन्ह्यातली माणसे शेती करीत, बायकामुलांसह राहत. त्या प्रयोगावरून आटपाडीच्याच मुलुखातल्या माडगूळकरांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. तो पाहताना थिएटरात डोळे न पुसलेला मराठी माणूस मला अजून भेटावयाचा आहे. त्या चित्रपटातले सहा खुनी पळून जातात आणि परत येतात. का परत येतात? कोणाच्या तरी शब्दाला आपण बांधले गेलो आहोत, हे त्यांना उमगते म्हणून.

'पॅरोल' हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थच 'शब्द', दिलेले वचन. आपल्या सरकारी मराठीत पॅरोलला 'अभिवचन रजा' म्हणतात. क्वचितच एखादा सरकारी शब्द इतका नेमका असतो. फर्लो ती 'संचित रजा', तुरुंगात नीट वागून साठवलेली, आणि तिचे दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजा ही घरातले मरण, आजार अशा निकडीसाठी, आणि तिचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. बापाच्या चितेला अग्नी देण्यासाठी एखाद्या कैद्याला चार दिवस सोडले तर माझी त्याला ना नाही. रागाच्या एका झटक्यात ज्याच्या हातून घडू नये ते घडले आणि जो त्यानंतर रोज जळतो आहे, त्याला घराचा उंबरा पुन्हा दिसावा, ही माझीही इच्छा आहे. वहिनींच्या यजमानांच्या मारेकऱ्याच्या कडेवरच्या त्या पोराचा तरी काय अपराध होता? त्याला फुलबाजी मिळू नये असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

आणि आणखी एक सावधगिरी. 'सराईत' हा शब्द आपल्या तोंडी फार सहज येतो. परंतु याच शब्दाने या देशात काय अनर्थ केला तो विसरून चालणार नाही. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण त्याची सावली सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांतून आणि तुरुंगांच्या नियमांतून रेंगाळत राहिली, ती इतकी की ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तिच्यावर कठोर शब्दांत बोट ठेवावे लागले. कोंबडी चोरल्याच्या संशयावरून चारदा पकडलेला पारधी सराईत, आणि चारदा डोकी फोडून चारदा मिटवामिटवी करणारा बागायतदार प्रतिष्ठित! मी ज्याच्याविरुद्ध बोलतो आहे तो पहिला नव्हे, दुसरा. ज्याच्या हाताने पुन्हा पुन्हा रक्त सांडले आणि न्यायालयात ते शाबीत झाले, तो. जात, पाडा, पोलिसांची जुनी वही यांनी सराईत ठरू नये. शाबीत झालेल्या हिंसेने ठरावे.

मग मागणे काय? पॅरोल हा शब्द आहे म्हटले, तर तो तिघांचा असतो हे आपण विसरलो. कैदी शब्द देतो की मी परत येईन. न्यायालयाने शब्द दिलेला असतो की ही शिक्षा भोगली जाईल. आणि सरकारने वहिनींना न उच्चारलेला एक शब्द दिलेला असतो: बाई, तू सूड घेऊ नकोस, तुझ्या वतीने आम्ही बघतो. पहिल्या शब्दाची चौकशी होते, दुसऱ्याचा कीस वकील पाडतात. तिसऱ्याची आठवण कोणाला आहे?

ती नसली म्हणजे काय होते हे १५ ऑगस्ट २०२२ रोजी साऱ्या देशाने पाहिले. २००२ च्या गुजरातच्या दंगलीत एका गर्भवती स्त्रीवर सामुदायिक बलात्कार झाला, तिच्या लहानग्या मुलीसह घरातली माणसे मारली गेली. खटला मुंबईत चालला, २००८ मध्ये अकरा जणांना जन्मठेप झाली. शिक्षेच्या काळातही त्यांतले बहुतेक हजारहजार दिवस कसल्या ना कसल्या रजेवर बाहेर होते. आणि स्वातंत्र्यदिनी गुजरात सरकारने त्यांना सोडून दिले! बाहेर हार घातले गेले, पेढे वाटले गेले. त्या स्त्रीला कोणी विचारले नव्हते, कळवलेही नव्हते. अखेर ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. खटला मुंबईत चालला असल्याने निर्णयाचा अधिकारच गुजरातचा नव्हता, महाराष्ट्राचा होता, असे सांगितले. आणि ते अकराजण पुन्हा आत गेले. पण त्यासाठी त्या बाईला पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली. वीस वर्षांनी! सरकारने मोडलेला शब्द तिने सांधून आणला.

म्हणून माझे मागणे मोठे नाही, खर्चाचेही नाही. कोणत्याही हिंसक गुन्ह्यातला कैदी एका दिवसासाठीही बाहेर यावयाचा असेल, तर ज्याचे माणूस गेले त्या घराला आधी विचारावे आणि मग कळवावे. पोलिसाने दारात येऊन, माणसासारखे बसून कळवावे. त्या घराच्या 'नाही'ने रजा अडावीच असे मी म्हणत नाही. पण ते 'नाही' कागदावर उमटले पाहिजे आणि त्याला लेखी उत्तर मिळाले पाहिजे. जामिनाच्या एका प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले की पीडिताला प्रत्येक टप्प्यावर आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. मग तुरुंगाचे दार उघडण्याचा टप्पा तेवढा का वगळावा? दुसरे, सोडण्याची कारणे लिहून सर्वांना वाचावयास खुली ठेवावी. म्हणजे निवडणुकीचे मुहूर्त आपोआप उघडे पडतील. तिसरे, जो एकदा पळाला वा ज्याने दुसऱ्यांदा रक्त सांडले, त्याच्यासाठी वेगळे माप असावे: निकडीची रजा द्यायचीच तर पोलिसाच्या सोबतीने, फुलबाज्यांची रजा नाही. आणि चौथे, शपथेवर सांगतो, सर्वांत महत्त्वाचे: पहिला मोडलेला हात पारावर मिटवू नका. ही मागणी सरकारकडे नाही, तुमच्याआमच्याकडे आहे.

तो माणूस त्या खेपेस रजा संपल्यावर वेळेवर परत गेला, हे मला सांगितलेच पाहिजे. त्याने आपला शब्द पाळला. एका खुन्याने पाळला तेवढाही शब्द सरकारने वहिनींपाशी पाळला नाही, याची लाज मला त्या भाऊबीजेला वाटली आणि आजही वाटते.

यंदाही वसुबारस आली. वहिनी आता थकल्या आहेत. बाजारात जाण्यापूर्वी धाकट्याला पुढे पाठवतात. तो परत येऊन "कोणी नाही, आई" म्हणाला की मग पिशवी घेऊन निघतात. स्वतंत्र देशातली एक बाई पणत्या आणण्यासाठी आधी टेहळणी करते! तिला तेवढे एक वाक्य वेळेवर सांगण्याची सोय ज्या दिवशी आपण करू, त्या दिवशी मी पुढच्या दिवाळीत तुम्हांला खुशाल करंज्यांवर लेख लिहून देईन.